पोर्टलंड कुंभ : एका फुटक्या काचेच्या तीन सांधण्या

७ फेब्रुवारी १८४५, शुक्रवार. दुपारी पावणेचारच्या सुमाराला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या एका दालनातून काच फुटल्याचा मोठा आवाज आला. रखवालदार धावत गेले. काचेची पेटी चक्काचूर झाली होती, आणि पेटीत जे ठेवलेलं होतं तेही. फरशीवर गडद निळ्या आणि दुधी पांढऱ्या तुकड्यांचा सडा पडला होता. दालनात असलेल्यांना अडवून विचारपूस सुरू झाली, तेव्हा एका तरुणाने सरळ कबूल केलं की हे मीच केलं. जवळच ठेवलेलं एक जड कोरीव दगडी शिल्प उचलून त्याने पेटीवर फेकलं होतं. का, तर आठवडाभर दारू पीत होतो, एवढंच त्याचं म्हणणं.

फुटलेली वस्तू म्हणजे पोर्टलंड व्हाज. मराठीत तिला फुलदाणी म्हणायचा मोह होतो, पण हे भांडं फुलांसाठी घडवलेलं दिसत नाही. दोन कान, फुगीर पोट, वर अरुंद गळा. आधी तर त्याचा तळही निमुळता असावा, रोमन लोकांच्या उभट घड्यांचा असतो तसा. म्हणून इथे मी त्याला कुंभ म्हणतो. उंची जेमतेम साडेचोवीस सेंटीमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या मध्यम तांब्याहून थोडी जास्त. वय त्या दिवशी अठराशे वर्षांहून अधिक.

आपल्याकडे बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. काच फुटल्याचा उच्चारही नको. या प्रकरणात मला रस वाटतो तो उलट कारणासाठी. ज्याने हा कुंभ पहिल्यांदा सांधला त्याने ‘फुटला’ हा शब्द हिऱ्याच्या टोकाने काचेवरच कोरून ठेवला. त्याच्यानंतर आणखी दोनदा हा कुंभ मुद्दाम सुटा करून पुन्हा जोडला गेला. दीडशे वर्षांत तीन सांधण्या. प्रत्येक सांधणाऱ्याला आधीच्याचा हात ओळखावा लागला, आणि तो सोडवावाही लागला.

तीन पौंडांची पेटी

त्या तरुणाने नाव सांगितलं विल्यम लॉइड. ते खोटं निघालं. म्युझियमने चौकशी केली तेव्हा कळलं की खरं नाव विल्यम मल्काही, आणि हा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातला विद्यार्थी. लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयात प्रकरण उभं राहिलं आणि तिथे कायद्याने सगळ्यांनाच चकवलं. जाणूनबुजून केलेल्या नुकसानीची जी तरतूद होती ती पाच पौंडांपर्यंतच्या वस्तूंनाच लागू होत होती. कुंभाची किंमत त्याच्या कितीतरी पट, म्हणजे कुंभ फोडल्याबद्दल त्या कलमाखाली शिक्षा देता येईना. बाहेरची काचेची पेटी मात्र पाच पौंडांच्या आत बसत होती. मग आरोप पेटी फोडल्याचा. दंड तीन पौंड, नाही भरला तर दोन महिने तुरुंग. त्याच्याकडे पैसे नव्हते, तो तुरुंगात गेला. काही दिवसांत कुणीतरी नाव न सांगता दंड भरला आणि तो सुटला.

कुंभ तेव्हा म्युझियमच्या मालकीचा नव्हताच. तो पोर्टलंडच्या ड्यूकचा होता, म्युझियमकडे नुसता ठेवायला दिलेला. ड्यूकला दिवाणी दावा लावता आला असता. त्याने तो लावला नाही. वेडेपणाच्या एका कृत्यापायी, ज्यांचा त्यात काही दोष नाही अशा त्या तरुणाच्या घरच्यांना त्रास का द्यायचा, असा त्याचा विचार. कलावस्तूंच्या आणि शास्त्रीय संग्रहांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने त्याच वर्षी, १८४५ मध्ये, मंजूर केला.

यातला उपरोध असा, की कुंभ म्युझियममध्ये आला होता तो सुरक्षित राहावा म्हणून. ड्यूकच्या घराण्याकडे असताना त्याचा तळ एकदा निसटला होता, त्यानंतर १८१० मध्ये तो म्युझियमकडे सोपवला गेला.

काचेवरची माणसं

इतका जीव टाकण्यासारखं त्यात होतं तरी काय? निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर, आणि त्या पांढऱ्या थरातून कोरून काढलेल्या सात माणसांच्या आकृत्या. एका बाजूला देवळासारख्या दोन खांबांमधून बाहेर पडणारा तरुण, त्याचा हात धरणारी बसलेली बाई, तिच्या मांडीपाशी सापासारखा फणा उचललेला जलचर, वर धनुष्य आणि मशाल घेतलेला पंखवाला कामदेव, आणि पलीकडे हनुवटीला हात लावून हे सगळं बघत उभा असलेला दाढीवाला पुरुष. दुसऱ्या बाजूला तिघं: खडकावर बसलेला तरुण, मधे दगडांच्या ढिगावर रेललेली बाई, तिच्या हातातून खाली झुकलेली मशाल, आणि उजवीकडे हातात दंड घेतलेली आणखी एक बाई. दोन्ही कानांच्या मुळाशी शिंगं-दाढीची मुंडकी.

ही माणसं कोण, यावर चारशे वर्षं वाद आहे. सतराव्या शतकात लोक म्हणत, हा रोमन सम्राट अलेक्झांडर सेव्हेरसचा अस्थिकलश. का, तर रोमजवळच्या एका थडग्यातली शवपेटी त्या सम्राटाची मानली जात होती आणि कुंभ तिथेच सापडला असं धरून चाललं होतं. पुढे ग्रीक पुराणातल्या पेलेउस आणि थेटिसच्या लग्नाचं मत पुढे आलं. थेटिस समुद्रकन्या, म्हणून मांडीशी जलचर. विसाव्या शतकात एका अभ्यासिकेने सुचवलं की ही सम्राट ऑगस्टसच्या आईची, आतियाची कथा असावी. अपोलोच्या देवळात साप तिच्यापाशी आला आणि मग ऑगस्टस जन्मला, ही आख्यायिका रोमन चरित्रकार स्वेटोनियसने नोंदवली आहे. आणखी एक वाचन तर थेट इतिहासाचं आहे: पुढे येणारा तरुण मार्क अँटनी, बसलेली बाई क्लिओपात्रा, आणि मागच्या बाजूला मशाल खाली झुकलेली ती अँटनीने टाकलेली रोमन बायको ऑक्टेव्हिया, शेजारी तिचा भाऊ ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस. हे खरं असेल तर कुंभ घडवणाऱ्यांच्या दृष्टीने ती जुनी पुराणकथा नव्हे, बापजाद्यांच्या काळातली घटना होती. कारण कुंभाचा काळ इसवी सनाच्या ५ ते २५ च्या दरम्यानचा मानतात आणि अँटनी-क्लिओपात्रा मेले ते इसवी सनापूर्वी ३० मध्ये.

मला स्वतःला हे शेवटचं वाचन ओढून घेतं, पण ते मान्य करायला जलचराची अडचण येते. सापाचा फणा आणि क्लिओपात्रा यांचा मेळ आपण नाटकांमुळे फार पटकन घालतो.

दोन काचा, एक ताण

या कुंभाच्या सांधणीची कथा कळायला त्याची घडण समजून घ्यायला हवी. निळ्या काचेला रंग कोबाल्टचा. पांढऱ्या काचेला अपारदर्शक करणारं कॅल्शियम अँटिमोनेट. सर्वसाधारणपणे मानली जाणारी रीत अशी: फुंकनळीवर निळ्या काचेचा लांबट फुगा घ्यायचा, तो वितळलेल्या पांढऱ्या काचेच्या मुशीत अर्ध्याहून वर बुडवायचा, आणि मग दोन्ही थर एकत्र फुंकून भांड्याचा आकार द्यायचा. गार झालं की रत्नं कोरणाऱ्या कारागिराच्या हाती. तो पांढरा थर हळूहळू उतरवत जातो; जिथे पातळ करतो तिथून खालचा निळा झिरपतो आणि सावली पडते. कामदेवाच्या पंखात, बायकांच्या वस्त्रांच्या चुण्यांत हे बघायला मिळतं. काही अभ्यासक मात्र म्हणतात की हे कोरलेलं नाही, साच्यात दाबून घडवलेलं आहे. हा वाद काचवाल्यांच्या जगात चांगलाच रंगला, पण कोरण्याचं मत अजून भारी आहे.

खरी गोम दोन्ही काचा गार होताना. एक काच जास्त आकसली आणि दुसरी कमी, तर भांड्याच्या अंगात ताण राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही.

हे किती जिवावरचं असतं ते इंग्लंडच्या स्टोअरब्रिज भागातल्या जॉन नॉर्थवुडला कळलं. त्याने त्याआधी काचेच्या एका पात्रावर अथेन्सच्या पार्थेनॉनची घोडेस्वारांची पट्टी उठावात कोरली होती; १८६४ मध्ये मागणी आली आणि १८७३ मध्ये पात्र पुरं झालं. मग फिलिप पार्गेटरने घडवून दिलेल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यावर पोर्टलंड कुंभाची काचेतली प्रत करायला तो बसला. तीन वर्षं. हातात टोकदार पोलादी हत्यारं. काम संपत आलं असताना तो प्रत घेऊन म्युझियममध्ये मूळ कुंभाशी ताडून बघायला गेला, आणि प्रतीला तडा गेला. थंडीतली सकाळ होती, काच गारठलेली होती, हाताची ऊब लागली आणि ती तडकली, असं सांगतात. नॉर्थवुडने ती चिकटवली आणि काम १८७६ मध्ये पुरं केलं. आज ती प्रत अमेरिकेतल्या कॉर्निंगच्या काचसंग्रहालयात आहे. प्रत इतकी हुबेहूब झाली की फुटण्यातही मूळ कुंभाच्या मागे गेली, असा विनोद करायचा मोह होतो. पण तीन वर्षांच्या कामावर हसू येत नाही.

प्रतींचा विषय निघालाच आहे तर जोसाया वेजवुडचं नाव घ्यावंच लागेल. कुंभ इंग्लंडमध्ये आणला तो नेपल्समधल्या ब्रिटिश राजदूताने, सर विल्यम हॅमिल्टनने. १७८४ मध्ये त्याने तो पोर्टलंडच्या विधवा डचेसला विकला. ती वर्षभरात वारली, १७८६ च्या लिलावात तिच्या मुलाने तो ९८० गिनींना (एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग) परत घेतला आणि वेजवुडला उसना दिला. वेजवुडचं साहित्य काच नव्हतं, त्याची जॅस्पर नावाची न चकाकणारी चिनीमाती होती. साचे आणि भट्टी यांच्याशी चार वर्षं झुंजल्यावर १७९० च्या सुमाराला मनासारखी प्रत निघाली. त्यामुळे १८४५ मध्ये मूळ कुंभ फरशीवर पडला तेव्हा त्याचं धड रूप जगात शाबूत होतं, मातीत का होईना.

डबलडे, आणि सदतीस तुकडे

म्युझियमने काम सोपवलं जॉन डबलडेकडे. तो नाणी, पदकं, मोहरा यांच्या हुबेहूब प्रती करणारा, आणि म्युझियमची फुटकी-तुटकी कामं करणारा माणूस. सुरुवातीलाच शहाणपणाची एक गोष्ट झाली: टॉमस शेफर्ड या चित्रकाराकडून सगळ्या तुकड्यांचं जलरंगातलं चित्र काढून घेण्यात आलं. तुकडे दोनशेच्या आसपास. म्युझियमच्या कामात छायाचित्रण रुळायच्या आधीचा हा काळ, त्यामुळे ते चित्र हीच नोंद.

डबलडेने काम सप्टेंबरमध्ये पुरं केलं. म्युझियमचे विश्वस्त इतके खूश झाले की त्यांनी त्याला वरती पंचवीस पौंड दिले. या कामात डबलडेने दोन निर्णय घेतले जे मला त्याच्या कौशल्याइतकेच मोलाचे वाटतात.

पहिला तळाचा. फुटण्यापूर्वी कुंभाला सपाट तळ होता, त्यावर टोकदार फ्रिजियन टोपी घातलेल्या तरुणाचा, बहुधा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचा, अर्धाच चेहरा. पण ती चकती निराळ्या निळ्या रंगाची होती, दुसऱ्याच कुठल्यातरी मोठ्या भांड्यातून कापून बसवलेली. मूळ कुंभ खाली निमुळता होत जाणारा होता आणि तो प्राचीन काळातच खालून फुटला असावा. निळ्या काचेतले ताणलेले बुडबुडेही तेच सांगतात. डबलडेने ही परकी चकती परत बसवली नाही. ती तेव्हापासून वेगळीच ठेवली जाते.

चकतीऐवजी त्याने साध्या काचेचा गोल तळ बसवला आणि त्यावर आतून, हिऱ्याच्या टोकाने, ७ फेब्रुवारी १८४५ रोजी फुटला, १० सप्टेंबर १८४५ रोजी सांधला, आणि आपलं नाव, असं कोरलं. बघणाऱ्याला ते दिसणार नाही. पण पुढे जो कोणी हा कुंभ सोडवेल त्याला नक्की दिसेल.

दुसरा निर्णय असा, की त्याने न बसणारे तुकडे बळजबरीने बसवले नाहीत. सदतीस बारीक तुकडे उरले. घासून, भरून, रंगवून कुठेतरी ढकलता आले असते. त्या काळात असं करण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्याने ते बाजूला ठेवले.

आणि मग ते हरवले. एका पेटीवाल्याकडे सदतीस खणांची पेटी करायला ते गेले होते. पेटी परत आली नाही, आणि म्युझियममध्ये पुढे कुणाला त्यांची आठवणही राहिली नाही. शंभर वर्षं.

परत आलेली काच

१९२९ मध्ये पोर्टलंड घराण्याने कुंभ लंडनमध्ये लिलावाला काढला. बोली २९,००० गिनींवर थांबली, किमान अपेक्षित किंमत आली नाही, कुंभ विकला गेला नाही. अखेर १९४५ मध्ये, फुटल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, एका मृत्युपत्रातल्या देणगीच्या पैशातून म्युझियमने तो विकत घेतला.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, लंडनच्या पटनी भागातल्या एका गृहस्थाने म्युझियमला सदतीस काचेचे तुकडे दिले. हे काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. एका दिवंगत व्यक्तीच्या सामानात सापडले होते. ग्रीक-रोमन विभागाचे प्रमुख बर्नार्ड ॲशमोल यांना ते काय आहे हे कळायला वेळ लागला नाही. निळा आणि पांढरा, शेजारी शेजारी.

कुंभ सोडवायचं ठरलं. जे. डब्ल्यू. आर. ॲक्सटेल यांनी तो सुटा करून पुन्हा जोडला, आणि १९४९ च्या फेब्रुवारीत काम झालं. सदतीसपैकी फक्त तीन तुकड्यांना जागा मिळाली. निराशाजनक वाटतं, पण ॲक्सटेल यांनीही डबलडेसारखंच वागायचं ठरवलं: जागा सापडली नाही तर तुकडा तसाच ठेवायचा.

त्यांचा गोंद मात्र टिकला नाही. काच मरत नाही, गोंद मरतो, हे या क्षेत्रातल्या माणसांना रोज दिसतं. १९८० च्या दशकापर्यंत गोंद पिवळा पडला होता, सांधे ढिले झाले होते. हलकेच टिचकी मारली तर सांधे कुरकुरत.

भांडं मुद्दाम मोडायचं

तिसरी सांधणी निजेल विल्यम्स आणि सँड्रा स्मिथ यांनी केली, १९८८-८९ मध्ये. विल्यम्स तोवर नावाजलेले होते. इंग्लंडमधल्या सटन हू इथे सापडलेल्या अँग्लो-सॅक्सन शिरस्त्राणाचे तुकडे त्यांनीच १९७०-७१ मध्ये नव्याने जुळवले होते. आणि १७९८ मध्ये बुडालेल्या कोलोसस जहाजातून वर काढलेल्या ग्रीक मातीच्या पात्रांचे तीस हजारांवर तुकडेही. ती पात्रं कुणाची? सर विल्यम हॅमिल्टनची. म्हणजे एकाच संग्राहकाच्या हातून गेलेल्या वस्तू दोनशे वर्षांनी एकाच माणसाच्या टेबलावर आल्या.

सुरुवात पुन्हा मोडण्याने. आधी कुंभाची बारकाईने छायाचित्रं आणि नोंदी. मग आतून-बाहेरून टिपकागद लपेटून तो एका बंद काचपात्रात ठेवला आणि द्रावक सोडलं. जुना गोंद मऊ होऊन सुटायला तीन दिवस गेले. टिपकागद उलगडला तेव्हा हाती आले १८९ तुकडे. हे वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. धडधाकट दिसणारी दोन हजार वर्षांची वस्तू जाणूनबुजून तुकड्यांत परत नेण्यासाठी किती खात्री लागत असेल.

जोडताना अडचण असते ती क्रमाची. प्रत्येक सांध्यात केसाएवढी चूक राहिली तरी दहा-वीस सांध्यांनंतर ती साचत जाते, आणि शेवटचा तुकडा त्याच्याच जागेत मावत नाही. सगळं पुन्हा सोडवायचं. म्हणून आधी गोंद न लावता तुकडे एकमेकांशी लावून, कुठला कशाच्या आधी जायला हवा याचा क्रम ठरवावा लागतो. त्यांनी अतिनील प्रकाशात क्षणात पकड घेणाऱ्या चिकटाने तुकडे आधी जागेवर धरले, आणि मग सांध्यांत सहज पिवळा न पडणारं इपॉक्सी राळ सोडलं. जिथे काच कायमची गेली होती तिथे निळ्या आणि पांढऱ्या रंगाची राळ भरली. काम बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर चाललं होतं, म्हणजे हात चुकला असता तर तो लाखो लोकांना दिसला असता.

या वेळी सदतीस तुकड्यांपैकी बहुतेकांना आपापली जागा सापडली. डबलडेला आणि ॲक्सटेल यांना जे जमलं नव्हतं, ते जमलं. कारण दोघांनी ते तुकडे घासले नव्हते, त्यांच्या कडा तशाच होत्या. काही अगदी बारीक कपच्या मात्र तेव्हाही उरल्या.

कुंभ आज ब्रिटिश म्युझियमच्या सत्तराव्या दालनात आहे. पॅरिसच्या अर्ध्या चेहऱ्याची ती चकतीही म्युझियमकडेच आहे, कुंभापासून वेगळी.